तोतरेपणाची उत्तम नक्कल

२२ मार्च, शुक्रवार

वाट लागली माझी. आणि वर टाळ्या पडल्या!

जागा मिळालेल्यांना आज आयोवाच्या विद्यापीठात बोलावलं होतं. वाचा-उपचाराची पदव्युत्तर पदवी, दोन वर्षं. हो की नाही ते १५ एप्रिलपर्यंत कळवायचं. सकाळभर इमारती दाखवल्या, यंत्रं दाखवली, पिझ्झा खाऊ घातला. दुपारी ब्रिन नावाची दुसऱ्या वर्षाची मुलगी म्हणाली, "चला, आता खरी मजा."

त्यांच्याकडे तोतरेपणाचा विषय असतो. त्यात प्रत्येकाने एक दिवस बाहेर जाऊन मुद्दाम तोतरं बोलायचं. दुकानात, बँकेत, फोनवर. पेशंट रोज काय सोसतो ते कळावं म्हणून. सगळीकडेच करतात म्हणे. आम्हा सहा पाहुण्यांना त्याची चव द्यायला खालच्या कॅफेत नेलं. काउंटरवर जायचं, नाव सांगायचं, ऑर्डर द्यायची, दोनतीनदा अडखळायचं. बस्स.

पाच जणींनी केलं. हसत, लाजत, भलत्याच जागी अडखळत. मग मी.

मीही नाटकच करणार होते. हलकंसं, माझ्या ताब्यातलं. पण काउंटरवरच्या बाईने नाव विचारलं आणि मी खरीच अडकले. बाकी शब्द मी बदलते. तेरा वर्षं बदलतेय, कुणाला पत्ता लागलेला नाही. अडणारा शब्द लांबूनच दिसतो, मग शेजारचा घ्यायचा. नावाला शेजारचं नाव कुठून आणू? म — म — म — डोळे मिटले, मान उडाली. किती वेळ गेला कोण जाणे. "मारेन" बाहेर पडलं तेव्हा घामाने पाठ भिजली होती.

आणि टाळ्या! ब्रिन तर म्हणाली, "अगं, काय केलंस तू! अंगावर काटा आला माझ्या. ती मान कुठे शिकलीस?"

विभागप्रमुख डॉ. विल्मोट शेजारीच उभ्या. त्याही बघत होत्या.

"व्हिडिओ बघून," मी म्हणाले.

व्हिडिओ बघून! जीभ कशी झडली नाही माझी.

२३ मार्च

आईने विचारलं, कसं झालं? म्हटलं, छान.

२८ मार्च, गुरुवार

डॉ. विल्मोटची ईमेल. असिस्टंटशिप देतायत. फी माफ, वर महिन्याला थोडे पैसे. काम काय? तर पदवीच्या मुलांना तोतरेपणाची नक्कल करायला शिकवायचं. "तुझं त्या दिवशीचं प्रात्यक्षिक आम्हा सगळ्यांच्या लक्षात राहिलं आहे."

तीनदा वाचली. आधी हसू आलं. मग मोरीत जाऊन ओकले.

आई आनंदाने वेडी झाली. बाबा कोठारावरून धान्याच्या धुळीने माखलेले आले, तशीच मला मिठी मारली. "कसलं काम आहे गं?" म्हणाले. शिकवायचं, एवढंच सांगितलं.

दुसरी जागा ऑनलाइनवाल्यांची. घरी बसून शिकायचं, इथल्याच शाळेत सराव. निम्मं बोलणं टाइप करून. तोतरेपणावर एक आठवडा, बास. तिथे दोन वर्षं काय, दहा वर्षं लपता येईल. फी मात्र पूर्ण. आणि तिथे मला जायचंच नाहीय! मला आयोवाच हवंय. तिथलं क्लिनिक हवंय. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून हवंय.

हो म्हटलं तर दोन वर्षं पगार घेऊन स्वतःचीच नक्कल करायची. खरं सांगितलं तर मी खोटारडी ठरले.

२ एप्रिल, मंगळवार

शाळेत तोतरेपणाच्या तासाला ओपल. तिसरीतली आहे. मी शाळेच्या वाचा-उपचारतज्ज्ञ मिसेस कुबिकच्या हाताखाली मदतनीस, खेळाचे पत्ते मांडणं वगैरे. मिसेस कुबिक फोनवर गेल्या आणि ओपलने पत्ते विस्कटून विचारलं, "तुम्ही क — क — कधीच अडखळत नाही?"

"नाही," मी म्हणाले.

"तुमची मजाय."

घरी आल्यावर जेवले नाही. आठ वर्षांच्या पोरीशी खोटं बोलले मी. काय गरज होती? कुणी बघत नव्हतं, कुणी मार्क देत नव्हतं. सवयच लागलीय.

७ एप्रिल, रविवार

चर्चच्या तळघरात जेवण होतं. राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनी रोल. आई सगळ्यांना आयोवाचं सांगत फिरत होती. परत येताना गाडीत आम्ही दोघीच. मी म्हटलं, "आई, त्यांना सांगून टाकलं तर? माझ्या बोलण्याचं."

"काय सांगणार? ते केव्हाच गेलं."

"गेलं नाहीय."

"ऐकू येत नाही ना कुणाला? मग गेलं." गाडीचा वेग वाढला. "चार वर्षं रोज दुपारी बसले तुझ्यासोबत. येत नाही तो शब्द सोड, दुसरा घे. घसा कोरडा पडेपर्यंत. आणि तू आता आपल्या हाताने घालवणार सगळं?"

"पण मी तिथे शिकवणार काय, ठाऊक आहे? अडखळायला शिकवणार."

आईने गाडी बाजूला घेतली. नुसती स्टिअरिंग धरून बसली. मग म्हणाली, "लोक एकदा ऐकतात, मारेन. मग जन्मभर तेच ऐकतात. तुला माहीत नाही."

मला माहीत नाही! मला! दार आपटून उतरले आणि उरलेला रस्ता चालत आले. मका पेरायला निघालेले शेजारी ट्रॅक्टरवरून हात करत होते. मी बघितलंही नाही.

९ एप्रिल

डॉ. विल्मोटना ईमेल लिहिली. पुसली. लिहिली. पुसली.

११ एप्रिल, गुरुवार

मिसेस कुबिकना सांगितलं. शाळा सुटल्यावर, त्यांच्या त्या खिडकी नसलेल्या खोलीत. त्यांना धक्का बसेल म्हणून मी आधी त्यांना बसायला सांगितलं, तर त्या उभ्याच राहिल्या.

"मारेन, दोन वर्षांत तू ओपलला एकदाही नावाने हाक मारली नाहीस," त्या म्हणाल्या. "चिमणे म्हणतेस, राणी म्हणतेस, एकदा तर 'ए निळा स्वेटर' म्हणालीस. एकतीस वर्षं मी हेच ऐकण्याचा पगार घेतेय."

मी रडायलाच लागले. म्हटलं, "मग शिफारसपत्रात लिहिलंत?" अर्ज करताना ती पत्रं वाचायचा हक्क मी सोडून दिला होता. सगळेच सोडतात, नाहीतर पत्राला वजन राहत नाही.

"नाही. ते तुझं आहे, तू सांगायचं." मग थोड्या चिडूनच म्हणाल्या, "पण त्या पोरीला 'नाही' असं का सांगितलंस? तिने मला सांगितलं. मला ते आवडलेलं नाही."

बरोबर आहे त्यांचं. एकाच दिवसात कुणी माझ्यावर इतकी माया केली नव्हती आणि इतकं झापलंही नव्हतं.

१२ एप्रिल, शुक्रवार

फोन केला. ईमेल नाही — फोन.

गाडीत बसून केला, काचा वर करून. डॉ. विल्मोटनी उचलला आणि मी नावापासूनच अडकले. या वेळी शेजारचे शब्द घेतले नाहीत. मधे मधे तर नुसती शांतताच. वाटलं, आता त्या "हॅलो? ऐकू येतंय का?" म्हणणार. नाही म्हणाल्या. थांबल्या. कॅफेत जे झालं ते खरं होतं, नाटक नव्हतं, व्हिडिओचं मी खोटं बोलले — हे एवढं सांगायला अकरा मिनिटं लागली.



"मी तिथेच उभी होते," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं हाच विषय शिकवतेय. मला कळलं नाही. टाळ्या वाजवल्या मी." आवाज काही प्रेमळ वगैरे नव्हता. थकलेला होता.

मग कामाचं. जागा माझीच आहे, ती कुणी काढून घेत नाही. पण असिस्टंटशिप नक्कल शिकवण्यासाठी होती, आणि माझं खोटं समितीपुढे ठेवावंच लागेल. "सोमवारपर्यंत उत्तर येईलच असं नाही. तुला मात्र सोमवारी कळवावं लागेल."

म्हणजे उडी आधी मारायची. खाली पाणी आहे का ते नंतर कळणार.

१४ एप्रिल, रविवार

आई आठवडाभर कामापुरतं बोलतेय. ऑनलाइनवाल्यांचा फॉर्म तिने छापून माझ्या टेबलावर ठेवलाय. मी उचलून ड्रॉवरमध्ये टाकला. मग बाहेर काढला. मग परत टाकला.

भीती वाटतेय. फी कुठून भरणार कळत नाही. आणि तिथे गेल्यावर ब्रिन आणि त्या सगळ्या माझ्याकडे कशा बघतील? उघडं बोलायची मला सवयच नाही. तीन दिवसांत जीभ आधीपेक्षा जास्त अडायला लागलीय. हे असंच राहिलं तर?

पण शुक्रवारी फोन ठेवल्यावर एक गोष्ट झाली होती, लिहायची राहिली. भूक लागली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

१५ एप्रिल, सोमवार

सकाळी आयोवाला हो कळवलं. ऑनलाइनला नाही. असिस्टंटशिपचं अजून काही नाही.

रात्रीच्या जेवणाला बसल्यावर सगळं सांगितलं. कॅफे, फोन, पैसे कदाचित मिळणार नाहीत ते. अडखळत, एकही शब्द न बदलता. बाबा म्हणाले, "बरं केलंस." आई गप्प. वाटलं, चिडलीय. मग तिने बोलायला तोंड उघडलं आणि काही येईचना. डोळे मिटले. मान उडाली. बाबा खुर्ची ढकलून उठले, त्यांना वाटलं पक्षाघाताचा झटका आलाय. मी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. आम्ही थांबलो.

"म — म — मलाही," आई म्हणाली.

सव्वीस वर्षांचा संसार. बाबांना माहीत नव्हतं.