तिसऱ्या गाण्याचा पाय

२ एप्रिल
बल्लारपूरहून परत आरोग्य उपकेंद्रावर. एसटीत बेस गिटार सीटवर, मी उभी. कंडक्टर म्हणाला, "सिस्टरबाई, एवढी मोठी सतार?" हो म्हणून टाकलं.
दिनूच्या बॅण्डातला बेसवाला नोकरीसाठी पुण्याला गेला, त्याचीच ही गिटार घेतली. मलाही बॅण्डात घे म्हटलं, तर धाकटा भाऊ असून दिनू साहेबासारखा बोलला: "ताई, तीन गाणी बसव. महिन्यानं ऐकतो. जमलं तं तू, नाई तं दुसरा पाह्यतो." त्रेचाळिसाव्या वर्षी परीक्षा. पण मला या बॅण्डात जायचंय. आजवर तो वाजवायचा आणि मी सगळ्यांना चहा करायचे. पुरे झालं.

३ एप्रिल
दिनूने दिलेले टॅबचे, म्हणजे गिटारच्या आकडेलिपीचे, कागद भिंतीला चिकटवले, लसीकरणाच्या तक्त्याशेजारी. चार तारा, चार ओळी. आकडा म्हणजे कितव्या पट्टीवर बोट. शून्य म्हणजे मोकळी तार. सारेगम नको, काही नको. अंगणवाडीतही जमेल.

६ एप्रिल
जमलं नाही. तीन दिवस उलटं वाचत होते! वरची ओळ म्हणजे वरची जाड तार समजले, ती निघाली सगळ्यात खालची, बारीक. एकटीच हसत बसले. बोटांना फोड. सुई टोचताना दुखतात, पण समोर बाळ रडत असताना आपण कुठे कुरकुरणार.

११ एप्रिल
गाणं १ बसलं. गा. २ अर्धं. दोन्ही फोनमध्ये आहेत, ऐकत ऐकत वाजवते. गा. ३ कधी ऐकलेलंच नाही. दिनूने काल पाठवलं, पण इथल्या रेंजमध्ये वर्तुळ नुसतं फिरतंय. मग कागद बघून वाजवलं. एकही आकडा चुकला नाही, आणि गाणंही झालं नाही. कोणाला तरी फोन नंबर सांगतेय असं वाटलं.

१३ एप्रिल
सोमाभाऊ ड्रेसिंगला. मोहफुलं वेचताना पायात खुंट घुसला, एक दिवसाआड येतात. गावात लग्नाचा ढोल तेच वाजवतात. पट्टी बांधून झाली तरी ओट्यावर बसून होते. मी आत गा. ३, आकडे तोंडाने म्हणत.
बाहेरून म्हणाले, "बाई, आकडे तं बराबर म्हणता. पण पाय कुठी ठेवायचा, थे नाई लिवलं का?"
पुन्हा कागद पाहिला. खरंच नाही लिहिलेलं. किती थांबायचं, कुठे जोर द्यायचा, काहीच नाही. आणि मी भिंतीकडे बघत दहा दिवस…

१५ एप्रिल
आज सो.भाऊ काठी घेऊन तयारीत. मी आकडे वाजवते, ते ओट्यावर काठीने ठेका धरतात. रेल्याचा, लग्नात रात्रभर नाचतात तो. तिसऱ्या फेरीला आकडे आपोआप ठेक्यात जाऊन बसले. अंगावर काटा आला. रजिस्टर भरायचं राहिलं.

२१ एप्रिल
धानोऱ्याला मासिक सभा. तिथे रेंज भरपूर. गा. ३ उतरवून घ्यायचं ठरवून गेले होते. बोट तिथपर्यंत नेलं आणि मागे घेतलं. मूळ ऐकलं तर माझं मोडेल. हट्टीपणा आहे, कळतं. आलूबोंडा खाल्ला आणि परत आले.

२६ एप्रिल
सो.भाऊंचा पाय भरला. आता येऊ नका म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही. जाताना तेच म्हणाले, "परवा ढोल घेऊनच येतो. काठीनं मजा येऊन नाई राह्यली." दिवसभर खूश.

३ मे, बल्लारपूर
परीक्षा झाली. गा. १ छान. गा. २ मध्ये एकदा घसरले. गा. ३ सुरू केलं, तर दिनूने मध्येच हात वर केला.
"ताई, हे काय वाजवून राह्यली तू?"
"कागदावरचंच."
त्याने मूळ गाणं लावलं. सरळ, धाडधाड, कुठे थांबणं नाही. आकडे तेच, गाणं भलतंच. कान तापले.
"काऊन नाई ऐकलं आधी?"
रेंज नव्हती म्हटलं. अर्धं खोटं.
ड्रमवाला रहीम हसला नाही. म्हणाला, "दीदी, फिर से." मोठ्या ड्रमवर त्याचा पाय दोनदा चुकला, मग सापडला. गाणं शेवटपर्यंत गेलं. दि. ने गिटार मांडीवर ठेवली.
मग म्हणाला, "मस्त हाय. पण लोकाईले ओरिजनल पाह्यजे." पुढच्या रविवारी दुसरा एक बेसवाला येतोय. त्याला ऐकून ठरवणार.

४ मे
एसटीत मूळ गाणं सहा वेळा ऐकलं. चांगलं आहे, उगाच नावं कशाला ठेवू. दुपारी थोडं रडू आलं. मग वरणभात खाऊन वाजवायला बसले.

७ मे
मूळही बसलं. तीन दिवसांत! सो.भाऊंना ऐकवलं. ढोलावर ठेका धरून पाहिला त्यांनी. "चालते हे बी. नाचता नाई येत."

९ मे
रहीमचा मेसेज: "दीदी, आपका वाला भेजो. पैर भूल रहा हूँ." परवा रविवार.
टॅबच्या चार ओळींखाली लाल पेनने पाचवी ओळ आखली, सो.भाऊंचा पाय जिथे पडतो तिथे फुल्या. मग दोन्ही रेकॉर्ड केली. मूळ मी एकटीने. दुसऱ्यात ढोल आहे, आणि शेवटी एक कोंबडाही. ठेवला.
पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर बसून लिहितेय, इथे जराशी रेंज येते. दि. ला दोन्ही पाठवतेय, रहीमला माझं. नुसतं मूळ धाडलं असतं तर कदाचित घेतलंही असतं मला. पण ऐकेल तर दोन्ही ऐकू दे.
मूळ अर्ध्या तासात गेलं. माझ्याचं वर्तुळ फिरतंय.
खालून सो.भाऊ विचारताहेत, "गेलं का बाई?"
"जाऊन राह्यलं, भाऊ."