सात नंबरची धुतलेली जर्सी

मोहर्ली, ११ जानेवारी २०२६

ती. रुखसारभाभीस,
सलाम आणि सा. न. वि. वि.

शाळेतून एवढी चारच अक्षरं डोक्यात राह्यली, म्हणून ती आधी लिहून टाकली. भाभी, आठ महिने पत्र टाळलं, कबूल करतो. आधी हाताचं कारण होतं, पेनच धरता येत नव्हता. मग हात बरा झाला आणि आळस सुरू झाला. कोरा कागद तीनदा घेतला. एकावर गाड्यांचे नंबर लिहिले, एकात भजी खाल्ली, तिसरा हा. फोन केला असता, पण घरचा फोन भाईजानच्या खिशात राहते, त्यानंच उचलला असता.

आरमोरीले राईस मिलमध्ये दोन महिने होतो. मग एका ट्रकवाल्यासोबत सिरोंच्याले गेलो, तेलुगू यायच्या आत कंटाळा आला. दिवाळीपासून इथी आहे, ताडोबाच्या गेटजवळ एका रिसॉर्टमध्ये जिप्सी धुतो. सकाळची फेरी लाल धूळ घेऊन येते, दुपारच्या फेरीआधी गाडी चकाचक पाहिजे. काल एका पाहुण्यानं विचारलं, वाघ रविवारी सुट्टीवर असतो का. मी म्हणालो, नाही, मंगळवारी. त्यानं लिहून घेतलं.

हे बाजूलेच राहू दे. लिहायचं कारण वेगळं आहे. मुखरूभाऊचा गोपाल पाहुणे घेऊन इथी आला होता. त्यानं सांगितलं की आपला नवजवान क्लब सहापैकी पाच मॅच हरला, एक बरोबरीत सुटली. हरणं मी समजतो. पण दहा जण घेऊन? म्हणे दर रविवारी भाईजान दहाच पोरं उतरवते. लोकेश बूट बांधून बाहेर बसला राहते आणि शेवटची पंधरा मिनिटं उरली की त्याले सोडते. तोवर तीन गोल होऊन गेलेले. असा कोणता मॅनेजर असते भाभी? गोपाल सांगे, मुखरूभाऊ कडेले छत्री आपटून ओरडते की हा माणूस दुकानातून सायकलही एकाच चाकाची देत असेल आणि म्हणत असेल, चालव. तीस वर्षांपासून तो म्हातारा धानाचं काम टाकून मॅच पाहाले येते, त्याचं तरी काय चुकलं?

मले आधी हसू आलं, मग राग. मागच्या मोसमात मले पस्तिसाव्या मिनिटाले बाहेर काढलं, साऱ्या ब्रह्मपुरीसमोर, कारण न सांगता. मी जर्सी त्याच्या पायाशी टाकून निघालो तो आजवर. वाटलं होतं, मले काढून टीम तरी जिंकेल.

गोपालजवळ मुखरूभाऊनं काढलेला अर्ज होता, मॅनेजर बदला म्हणून. चाळीस सह्या होत्या. एक्केचाळिसावी मी केली, पूर्ण नावानं.

संध्याकाळी तलावाकडून गार हवा सुटली की मले आपल्या मैदानाचा वास येते, चुन्याच्या रेघांचा. इथी चुना नाही, तरी येते. बूट पलंगाखाली आहेत. घालत नाही, फक्त तेल लावतो. तुझ्या हातची लाखोळीची भाजी यंदा हुकली.

लोभ होता तेवढाच ठेव, मधले आठ महिने त्यातून कापू नको.

तुझा,
जिशान


ब्रह्मपुरी, १८ जानेवारी २०२६

चि. जिशानमियाँस,
अ. आ. आणि लाख दुआ.

पत्र मिळालं. कोपऱ्यातला तेलाचा डाग बघून वाटलं, भज्यांचा कागद हाच असावा. आठ महिन्यांनी एक पत्र, त्यात माझी चौकशी शून्य आणि फुटबॉल पानभर. विचारलं नाहीस तरी सांगते, मी बरी आहे. तुझे भाईजान बारीक झालेत. दुकानात पंक्चर काढताना चष्मा लागतो आता, आणि तो सापडत नाही म्हणून माझ्यावर ओरडतात. डोक्यावरच असतो.

तुला एक गोष्ट सांगायची म्हणून बसले आहे, इकडेतिकडे जात नाही, तो गुण तुझा. दर सोमवारी टीमच्या जर्स्या मी धुते हे तुला माहीतच आहे. तू गेलास त्यानंतर गाठोड्यात दहा जर्स्या चिखलाच्या यायला लागल्या, लोकेशची थोडी मळलेली, आणि एक अगदी स्वच्छ, घडीसुद्धा न मोडलेली. सात नंबर. पहिल्यांदा मी ती बाजूला ठेवली, तर संध्याकाळी यांनी विचारलं, सात काऊन नाई धुतली. मी म्हटलं, घातलीच नाही कोणी. तर म्हणाले, मैदानावर गेली होती ना. तेव्हापासून धुते. न मळलेलं कापड धुणं फार वाईट काम आहे जिशान. हाताला काहीच लागत नाही.

परवा त्यांच्या पँटच्या खिशात टीमच्या यादीची कार्बन कॉपी निघाली. अकरा नावं, सात नंबरपुढे तुझं. मग मी ट्यूबच्या खोक्यातल्या जुन्या याद्या काढल्या. सगळ्यांत तू आहेस.

लोकेशला घरी बोलावून विचारलं. दोन पोळ्या पोटात गेल्यावर बोलला. नियम असा आहे म्हणे, पहिल्या अकरात ज्याचं नाव आहे तो कितीही उशिरा येऊ दे, पंचाला सांगून सरळ मैदानात उतरू शकतो. पण त्याच्या जागेवर एकदा दुसरा गेला की त्याची जागा संपली. म्हणून पंचाहत्तराव्या मिनिटापर्यंत हे कोणालाच उतरवत नाहीत. पाठीमागे लोक नाही नाही ते बोलतात, आणि हे बसस्टँडकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत उभे असतात.

हे मी तुला कळवलं असं त्यांना समजलं तर दोन दिवस जेवायचे नाहीत. तेव्हा पत्र वाचून फाड. आणि ती सही. तुझ्या हातून काय झालंय ते तुला आता कळलं असेल.

आमची आठवण मनाला येते ती थोडी पायांनाही येऊ दे.

तुझी भाभी,
रुखसार


मोहर्ली, २५ जानेवारी २०२६

ती. भाभीस,
सलाम. सा. न. वि. वि.

तुझं पत्र टाकीजवळ उभा राहून वाचलं. पाइप सुरूच होता, जिप्सीत पाणी भरलं, सीट ओल्या झाल्या. मालकानं विचारलं, गाडी धुतो का बुडवतो. पत्र फाडलं नाही. बुटात ठेवलं.

इथी सध्या अस्वलं गावाच्या कडेले येऊन राह्यली. एक तर हॉटेलच्या मागं गुळाचा डबा चाटून गेलं. हे काऊन लिहून राह्यलो माहीत नाही. लिहायचं ते पुढं सरकत नाही.

भाभी, मग मले सांगितलं काऊन नाही त्यानं? गोपालच्या हाती निरोप आला असता. यादीत नाव लिहिते, जर्सी नेते, रस्त्याकडे पाहते, पण एक शब्द पाठवत नाही. मले काय स्वप्न पडणार होतं? काढलं त्यानं, तर बोलवावं पण त्यानंच. मी आपण होऊन आलो तर सारं मैदान म्हणेल, राग जिरला पोराचा. गोपालले सांग, माझी सही खोडून टाक.

आज रविवार. चार वाजता मॅच सुरू झाली असेल. मी बोनेट पुसता पुसता मिनिटं मोजली, मधली सुट्टी धरून. पंचाहत्तर झाली तेव्हा फडकं खाली ठेवलं. आधी असे किती रविवार गेले, मी शिट्या मारत गाड्या पुसल्या.

रागावलीस तरी दूर करू नको.

जिशान


ब्रह्मपुरी, २ फेब्रुवारी २०२६

चि. जिशानमियाँस,
अ. आ. आणि दुआ.

सही खोडायला उशीर झाला. काल संध्याकाळी क्लबची बैठक आपल्याच दुकानात झाली. बाकड्यावर, टायरांवर, जिथं जागा मिळेल तिथं लोक बसले होते. मी पडद्याआड चहा गाळत होते. गोपालनं अर्ज वाचला आणि मुखरूभाऊंच्या सांगण्यावरून सगळी नावंही वाचली. मी मनात म्हणत होते की चाळिसावर थांब. थांबला नाही.

तुझं नाव आलं तसे सगळे यांच्याकडे वळले. मला वाटलं, आता हे उठून आत येतील. त्यांनी हात पुढे करून कागद मागितला. चष्मा शोधला, डोक्यावर होता. तुझ्या सहीकडे बघतच राहिले. मग कोणाला म्हणून नाही, असं बोलले, "रेघ सरळ आली आहे. मनगट जुळलं वाटते त्याचं."

कोणाला काही कळलं नाही, मलाही नाही. लोक गेल्यावर विचारलं तेव्हा सांगितलं. त्या दिवशी तू पडलास, लगेच उठलास, कोणाला काही बोलला नाहीस. पण पाण्याची बाटली डाव्या हातानं घेतलीस. म्हणून तुला काढलं. संध्याकाळी डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं होतं, तोवर तू जीपमध्ये बसून गेला होतास. मी म्हटलं, हे तिथंच का नाही सांगितलं. तर म्हणाले, समोरच्या टीमला कळलं असतं, पुढच्या मॅचला सगळे त्याच्या हातावरच आले असते. मॅनेजर आहेत ना. आता असल्या माणसाशी काय भांडायचं?

ठरलं ते असं. येत्या रविवारी, आठ तारखेला, चार वाजता आरमोरीशी शेवटची मॅच. हरलो तर क्लब पुढच्या वर्षी लीगमधून बाहेर. आणि पहिल्या मिनिटापासून अकरा दिसले नाहीत तर मॅच सुरू होतानाच दुसरा मॅनेजर. यांनी एवढंच सांगितलं की यादी मी चार वाजता देईन.

मुखरूभाऊ जाताना छत्री विसरले. आज सकाळी त्यांच्या सुगंधाबाई ती न्यायला आल्या. मला राहवलं नाही, दारात उभ्यानंच त्यांना यादीचं, जर्सीचं, सगळं सांगितलं. नवऱ्याच्या कानावर घालणार नाही म्हणाल्या, म्हणजे घालतीलच.

तू म्हणतोस भाईजाननी बोलवावं. ते बोलवणार नाहीत, त्यांना फक्त जागा धरून ठेवता येते. सात नंबर आत्ता दोरीवर वाळते आहे.

रोजे सुरू व्हायच्या आत एकदा तुझं ताट मांडायचं आहे. तेवढं मनावर घे.

रुखसार


मोहर्ली, रविवार, ८ फेब्रुवारी २०२६, सकाळ

ती. भाभीस,
सलाम. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. कोणाले सांगितलं नव्हतं ते आता तुले सांगतो. चोविसाव्या मिनिटाले पडलो तेव्हा मनगटातून कडकन आवाज आला होता. त्यानं पाह्यलं असेल असं कधी वाटलंच नाही. आरमोरीले एका म्हाताऱ्यानं बांबूच्या कामट्या बांधून दिल्या. महिनाभर डाव्या हातानं जेवलो आणि उजव्या हाताचं सारं दुखणं भाईजानच्या नावावर टाकलं. पहिली सरळ सही झाली ती त्याच्याच विरुद्ध.

येता येत नाही भाभी. आज रविवार, दोन्ही फेऱ्या भरल्या आहेत, मालक सोडत नाही. खरं सांगू का, सोडलं असतं तरी कोणत्या तोंडानं आलो असतो? एक्केचाळीस नावांत माझं नाव साऱ्यांनी ऐकलं. हे पत्र मॅच झाल्यावर पोचेल, तरी लिहितो म्हणजे मनाले बरं वाटेल. भाईजानले सांग, सात नंबरपुढे लोकेशचं नाव लिही. तो पोरगा चांगला धावते. माझ्यासाठी मॅनेजरी घालवू नको. आणि ती जर्सी आता धुऊ नको. तुझे हात थंडीत फुटतात, मले माहीत आहे.

लोभ माझ्या नावापुढे राहू दे, उतरवू नको कोणाले.

जिशान

ता. क. पाकीट चिकटवून राह्यलो होतो तर फाटकावर भांडण ऐकू आलं. पाह्यलं तर गोपालची मोटरसायकल, आणि मागच्या सीटवरून मफलर बांधलेला मुखरूभाऊ उतरून राह्यला. अंधारातच निघाले म्हणे. गार्ड बुकिंग विचारते, हा म्हणते मले वाघ नाई पाहायचा, सात नंबर पाहायचा आहे. मालक धावत आला, त्यालेही सांगून टाकलं की आजच्या गाड्या गोपाल धुवेल, परतीची मोटरसायकल हे पोरगं चालवेल. गोपालनं पाइप हातात घेतला पण आहे. काखेतली छत्री उघडली तर त्यातून जर्सी निघाली, साबणाचा वास येते अजून. म्हणजे दोरीवरून काढून तूच दिली ना, भाभी? माझ्याकडे पाहून ना सलाम, ना शिवी. अर्जाचं, सहीचं काहीच नाही. मफलर सोडता सोडता एकच गोष्ट विचारून राह्यला: "बूट कुठी आहेत तुहे?"