सगळं लिमिटमध्ये आहे, मॅडम

मॅडम, आज तुमची फार आठवण आली. म्हणजे खरं तर तुमचा राग आला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तुमच्या शिकवणीपायी मी अजून कंपनीत सगळ्यांच्या डोळ्यांत खुपते.

संत तुकाराम नगरातलं तुमचं स्वयंपाकघर. कॉलेजात संख्याशास्त्र माझ्या डोक्यावरून जातं, म्हणून तुम्ही मला रविवारी घरी बोलावलंय. शिकवणं राहिलं बाजूला, तुम्ही आमटी ढवळताय. माझ्या तळहातावर थोडी घालता. "कशी आहे?" मी म्हणते, "छान. सगळं बरोबर आहे." तशा तुम्ही उसळलात. "सगळं बरोबर म्हणजे काय गं? एकेकाला सुटं विचारलंस तर प्रत्येक जण साळसूदच असतो! माझ्या हातून चिंच जास्त पडली की गूळही जास्त पडतो. आज चिंच जास्त आणि गूळ कमी. दोघं आपापल्या मापात, पण जोडी मोडली. ती कळत नाही तुला?" मला तेव्हा रडू आलं होतं. मग तुम्हीच ताट वाढलंत.

आता चाकणला आमच्या टाक्यांत जंतू वाढवून लहान मुलांचं औषध बनवतात. प्रत्येक बॅचची ढीगभर मोजमापं मी एकत्र मांडते, मग कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकेका बॅचचा एकेक ठिपका उमटतो. चांगल्या बॅचेस घोळक्याने बसतात. कालची एकटीच लांब जाऊन बसली. एकेक आकडा बघावा तर लिमिटमध्ये. पण जंतू जोमाने वाढले की ऑक्सिजनही जास्त खातात. इथे वाढ भरपूर आणि ऑक्सिजनचा खप कमी. आमचे साहेब मला म्हणाले, "अहो मॅडम, सगळ्या टेस्ट पास आहेत. तो एक ठिपका उडवा ना, चित्र कसं स्वच्छ दिसेल! सही करा, खाली गाडी उभी आहे." मी म्हटलं, "नाही सर. आधी तपासून घेऊ." "परत? मागे दोनदा अशाच बॅचेस अडवल्यात, तेव्हा काय निघालं हो?"

काही निघालं नव्हतं. तेही खोटं बोलत नाहीत. कॅन्टीनमध्ये मला 'ठिपकेवाली बाई' म्हणतात, आणि मी चहा घेऊन कोपऱ्यात बसते. बॅच अडवली, नमुने बाहेरच्या लॅबला पाठवले, रिपोर्ट यायचाय. बसमधून थेरगावला उतरले तेव्हा पाय उचलवत नव्हते. भांडून भांडून जीव नकोसा झालाय हो.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, तेच बरं. कारण समोर असतात तर मला हे बोलवलं नसतं. त्या औषधात काहीतरी वाईट निघावं, असं मला आज मनापासून वाटतंय. लेकरांच्या औषधात, मॅडम. एकदा तरी मी खरी ठरावी म्हणून.