कॅमेऱ्यामागे मीच

९ सप्टेंबर, दुपार
सकाळपासून पाऊस. एका आजोबांच्या पंच्याहत्तरीचा व्हिडिओ एडिट करायला बसलो. सोबतीला टीव्ही, नुसता आवाजापुरता. पिक्चर लागला होता. नवरा, बायको, मुलगी, जुनी गाडी आणि भिजलेला गावाकडचा रस्ता. कथा काहीच नाही. शेवटपर्यंत पाहिला. घशात काहीतरी अडकलं. बिस्किट असावं.

संध्याकाळ
बिस्किट नव्हतं. आमची ट्रिप आठवली. लेक बुटकी तेव्हा शाळेत होती. (आता माझ्यापेक्षा उंच आहे, पण नाव बदलायला वेळ झाला नाही.) मी, ही, बुटकी. हिचा भाऊही होता, पण तो कुठेही असतोच. पुलावर पाणी आलं म्हणून गाडी थांबवलेली. बुटकीने काचेवर बोटाने मांजर काढलं. ही गाडीच्या टपाला टेकून हसली. तसं हसताना मी तिला पुन्हा पाहिलं नाही.

निर्णय: तीच ट्रिप पुन्हा. ही हवापालटासाठी भावाकडे गेली आहे, त्याला आता बरेच महिने झाले. बुटकीही तिकडेच. हवा पुरेशी पालटली असणार.

१० सप्टेंबर
हिला फोन केला. तिथल्या शाळेत तिला नोकरी मिळतेय, सोमवारी हो किंवा नाही कळवायचंय. हो म्हटलं तर ती तिकडेच राहणार. मी म्हटलं, रविवारी गाडी घेऊन येतो, जुन्या रस्त्याने फिरून येऊ, मग ठरव. कुठला जुना रस्ता, असं विचारलं. आपला, म्हटलं. आपला म्हणजे कुठला, असं पुन्हा विचारलं. भारावली असावी. मग म्हणाली, या, पण या वेळी खरंच या.
‘या वेळी’ कशाला? माणसं बोलताना भरीचे शब्द फार घालतात.

१२ सप्टेंबर
गाडी सुरू होईना. मेकॅनिक आला. बॅटरी गेली, टायरही गेले, म्हणाला. गाडी चालवली तर झिजते हे ऐकून होतो, उभी राहूनही झिजते हे नवीनच. शेवटची कधी काढली होती, असं त्याने विचारलं. अधूनमधून काढतो, म्हटलं. त्याने वायपरखालून वाळक्या पानांचा ढीग काढून माझ्यासमोर ठेवला. सगळं नवं बसवायला सांगितलं. रविवारपर्यंत गाडी टकाटक होईल.
आजोबांचा व्हिडिओ राहिलाय. नातू रोज फोन करतो. प्रायॉरिटी म्हणून काही असते की नाही?

१३ सप्टेंबर
तयारी म्हणून ट्रिपचा आपला व्हिडिओ पाहिला. माझ्या हातचं सर्वात चांगलं काम. पाऊस कमी वाटत होता तिथे वरून पावसाचा आवाज मीच भरलाय. बासरी कुठे सुरू करायची, हे कळायला जात्याच कान लागतो.
मी एकाही शॉटमध्ये नाही. साहजिक आहे. शूट करणारा दिसत नाही, हा आमच्या धंद्याचा शापच. एका ठिकाणी कॅमेऱ्यामागून बुटकीला सफरचंद देणारा हात मात्र आलाय. बोटात अंगठी. मी तेव्हा अंगठी घालायचो वाटतं.

१४ सप्टेंबर
बुटकीचा फोन. आईला कुठे नेणार, म्हणून विचारत होती. त्याच पुलावर, हे फक्त तिलाच सांगितलं. काचेवरचं मांजर आठवतं का, विचारलं. आठवतं, म्हणाली, पण बाबा, तुम्ही कुठे होतात तेव्हा? तुम्हाला ऐनवेळी काम आलं होतं, आम्ही मामाबरोबर गेलो. मी म्हटलं, मग शूट कोणी केलं? मामाने, म्हणाली.
मोबाइलने मुलांची स्मरणशक्ती पार वाया घालवली आहे. मूळ फुटेज जुन्या हार्डडिस्कवर असणार. शोधून तिला पाठवतो, म्हणजे विषय संपेल.

१५ सप्टेंबर, रविवार, सकाळ
लवकर उठलो. दाढी केली. इस्त्रीचा शर्ट. पाऊस थांबलाय. मेकॅनिक गाडी खाली लावून गेला, एका चावीत सुरू होते. निघायला अजून वेळ आहे. हार्डडिस्क सापडली.

जरा वेळाने
पूल. पाणी. बासरी नाही. मेहुण्याचा आवाज कॅमेऱ्याच्या अगदी जवळून येतो, बुटके, इकडे बघ म्हणतो. बुटकी बघत नाही. बाबा कधी येणार, असं आईला विचारते. ही म्हणते, संध्याकाळच्या बसने येतो म्हणालेत. मग टपाला टेकून मागच्या रस्त्याकडे बघत राहते. शॉट संपतच नाही. मेहुणा काहीतरी फालतू विनोद करतो, तेव्हा कुठे हसते.
मी हसण्यापासून पुढचं ठेवलं होतं.
लांबला होता शॉट. कोणीही कापला असता.

दुपार
तसाच बसलो. खिडकीतून गाडीचं टप दिसतं. चावी खिशात आहे. हलावंसं वाटेना. वाईट वाटत होतं असंही नाही, काहीच वाटत नव्हतं.
हिचा फोन आला. निघालात का, विचारलं. मागे बुटकी बॅगेची चेन लावत होती, तो आवाज स्पष्ट येत होता.
मी म्हटलं, एक काम आलंय, संध्याकाळच्या बसने येतो.
ती बरं म्हणाली.

संध्याकाळ
आजोबांचा व्हिडिओ पूर्ण केला. चांगला झालाय. नातवाला पाठवला.