ढब्बूची मालिश आणि तुझी गाऱ्हाणी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे लिहिण्यापुरतं. कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात जेमतेम मान वाकली.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला त्यांच्या राजकारणावरच्या मतांइतकाच जुना आहे, तेव्हा तो तसाच असेल असं धरून चालतो.

आप्पा गेल्यापासून त्यांची मालिशीची खोली मीच चालवतो. नवी पाटी लावली आहे, 'प्राण्यांचे सर्वांगीण आयुर्वेदिक मर्दन'. (आप्पांची पाटीच नव्हती. लोक तेलाच्या वासावर जनावरं घेऊन यायचे.) बाकी सगळं तसंच आहे. ती बुटकी फळी, तेल कोमट करायचं पितळी भांडं, घोड्याने लाथ मारून भिंतीला पाडलेला खड्डा. त्या खड्ड्यात तू माझ्या गोट्या लपवायचीस. परवा सहज हात घातला तर एक सापडली! तेल पुसून ती खिशात टाकली, अजून तिथेच आहे गं.

तर मुद्दा ढब्बूचा. आप्पांचा हा कुत्रा आता म्हातारा झालाय, मागचे पाय आखडलेत. जनावरांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, रोज मालिश झाली तर चालेल, नाहीतर कायमचा बसेल. आणि हा पठ्ठ्या मला हात लावू देईना! पहिल्या दिवशी भांडं लवंडून निसटला. मी मागे धावलो आणि तेलावरून थेट दारापर्यंत बसल्या बसल्या गेलो. (कंबर ती तिथली.) दुसऱ्या दिवशी माझ्या हातावरचं तेल चाटून घेतलं, पाय मात्र पोटाखाली दाबलेले. शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मंद संगीत लावा. लावलं. ते ऐकून त्यांचंच मांजर आलं, फळीवर आडवं झालं आणि साग्रसंगीत मालिश करून घेऊन निघून गेलं. ढब्बू कोपऱ्यातून बघत होता.

शेवटी वैतागून मी आप्पांसारखी मांडी घातली आणि आप्पांसारखाच पुटपुटायला लागलो. आठवतं ना, चोळताना त्यांचं तोंड कसं चालायचं? घोड्यापुढे काकाची गाऱ्हाणी, मांजरांपुढे माझी. ढब्बू तुझ्या लग्नानंतर आला म्हणून तुला ठाऊक नसेल, त्याच्या वाट्याला तू होतीस. मी काकापासून सुरुवात केली, ढब्बू ढिम्म. माझ्यावर आलो, तरी ढिम्म. मग म्हटलं, "आमच्या बाईसाहेबांना वास येतो हो बापाचा!" आणि काय सांगू, ढब्बू लंगडत आला आणि फळीवर पसरला.

(हो, तेच. लग्नाच्या दिवशी तू म्हणालीस ना, "आप्पा, आज तरी तेलाचा वास नको," तेव्हापासूनचं.)

आता रोज तुझ्या नावाने खडे फोडतो आणि ढब्बू मजेत घोरतो. कालच अंगणात एक फेरी मारली त्याने. डॉक्टरीणबाई मात्र भिंतीपलीकडून सगळं ऐकतात. तुझ्याबद्दल त्यांचं मत फार वाईट झालंय.

भावोजींना नमस्कार.

तुझा तेलकट भाऊ

ता. क. : तुझे अवगुण संपत आलेत. तेच तेच ऐकून ढब्बू जांभया देतो. परवा नाइलाजाने तुझं कौतुक केलं, तर उठूनच गेला. तेव्हा चार दिवस राहायला ये आणि काहीतरी नवीन वाईट वाग. आप्पा गेले तेव्हा अंगणातूनच परत फिरलीस, खोलीत पाऊल टाकलं नाहीस. तसं या वेळी चालणार नाही.

आणखी एक : आप्पांचा राग शेवटपर्यंत गेला नाही, असं तू मनात धरून बसली आहेस. मलाही तसंच वाटायचं. पण ताई, तुझं गाऱ्हाणं सुरू झालं की ढब्बू सगळ्यात दुखरा पाय आपणहून माझ्या हातात देतो. तुझं नाव घेताना आप्पांचा हात किती हलका पडत असेल, ते त्यालाच माहीत. ये गं. तेल कोमट करून ठेवतो, तुझ्या गुडघ्यालाही लावू.