तीन मात्रांची हाक

२ मे

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेली तिन्ही पुस्तकं वाचून झाली. पहिलं उघडलं तेव्हा वाटलं, ओळी अर्ध्यातच संपतायत, छापणाऱ्यांनी कागद वाया घालवलाय. मग कळलं की ही कवितांची कादंबरी आहे. एकेक कविता सुटी वाचता येते आणि सगळ्या मिळून एका घराची गोष्ट होते. मला निबंध लिहायचा कंटाळा येतो, कारण त्यात वाक्य शेवटपर्यंत न्यावं लागतं. इथे ती भानगड नाही. म्हणून मीही एक कादंबरी लिहायला घेतली आहे. मावशी मुलांच्या पुस्तकांची संपादक आणि भाचीच्या नावावर एकही पुस्तक नाही, हे काही बरं दिसत नाही.

विषय आमचं घर. बाबांवरची कविता झाली. ते दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतात आणि संध्याकाळी आमचे तीन मजले पायी चढतात, त्यावर आहे. धाकट्या लिंबूवर दोन झाल्या, एक तिच्या पडलेल्या दातांवर आणि एक तिच्या खोटं बोलण्यावर. तिला दोन्ही फार आवडल्या, म्हणजे खोटं बोलणं सुटणार नाही. झालेल्या सगळ्या सोबत पाठवते, आईवरचीसुद्धा. तिचं शेवटचं कडवं हे:

आई नाडी अशी बांधते,
गाठीवरती गाठ;
सुटे न काही केल्या नंतर,
लागे माझी वाट.

'बांधायची' असं लिहायला हवं होतं हे मला माहीत आहे. पण मला 'बांधते'च हवं आहे.

बाकी ठीक. बाबांच्या दुसऱ्या लग्नाला वर्ष झालं. त्या मला पोहायला शिकवतायत. तलावावर शिकवणाऱ्या त्याच असल्यामुळे दांडी मारायची सोय नाही. घरातसुद्धा त्यांचा आवाज पलीकडच्या काठापर्यंत पोचेल असा असतो. मी मात्र त्यांना काही म्हणत नाही. काही सांगायचं असलं की त्या असतील तिथे जाऊन समोर उभी राहते. माझं चालणं बरंच वाढलं आहे.

कवितेबद्दल फोनवर बोलायचं नाही, लिहून कळवायचं, हा तुझा नियम मान्य. लोभ आहे तेवढा ठेव, थोडा वाढवलास तर कविताही सुधारतील.

तुझी,
टाचणी

११ मे

चि. टाचणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकीट मिळालं. ऑफिसात फोडायला नको होतं. गाठीची कविता वाचली आणि टेबलावर डोकं ठेवून रडले. शेजारच्या चित्रकाराला वाटलं, त्याचं मुखपृष्ठ मला फारच वाईट वाटलं. त्यानं बिचाऱ्यानं न सांगता ते पुन्हा काढलं आणि खरंच सुधारलं. माझी बहीण माझ्या बुटांनाही अशाच गाठी मारायची. 'बांधते' तसंच राहील, त्याला मी हात लावणार नाही.

आता संपादक म्हणून बोलते, राग मानू नकोस. तुझ्या 'बाथरूम' कवितेत कपात चार टूथब्रश आहेत. कादंबरीत माणसं तीन. आई आहे, पण ती आठवणीतली, तिला ब्रश लागत नाही. मग चौथा ब्रश कुणाचा? तो रोज आपोआप ओला होत असेल तर ही भुताची कादंबरी आहे आणि ती आमच्या दुसऱ्या मालेत जाईल. मुलं फार बारकाईनं वाचतात, गं. ती लगेच विचारतील.

आनंदाची बातमी आता. मुलांनी लिहिलेल्या कवितांच्या छोट्या कादंबऱ्या आम्ही या वर्षी छापतोय आणि तुझी त्यात घ्यायचं ठरलं आहे. मी मत दिलेलं नाही, भाची म्हणून बाजूला बसले होते. पंधरा जूनला तुमच्याच वाचनालयाच्या बालविभागात लेखक मुलं आपापल्या कविता वाचून दाखवतील. सगळ्या घरानं यायचं आहे. सगळ्या म्हणजे सगळ्या.

तुझ्या कवितांवर आणि तुझ्यावर, दोन्हींवर जीव असलेली,
मावशी

१८ मे

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

पुस्तकाचं कळल्यावर बाबा दोन पायऱ्या एकदम चढत वर आले. लिंबूनं शाळेत सांगितलं की कादंबरी तिनंच लिहिली आहे. मी खूश आहे, पण घोर लागला आहे. वाचनाचा नाही, चौथ्या ब्रशचा.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. पण त्या कवितेत बसत नाहीत. 'जलतरण प्रशिक्षिका' कुठल्या वृत्तात बसतं, तूच सांग. 'सावत्र' लिहिलं की लगेच जंगलात सोडून येणारी बाई डोळ्यांपुढे उभी राहते आणि त्या तशा अजिबात नाहीत, त्या उलट पाण्यातून बाहेर काढतात. बाबांनी सुचवलं होतं की मावशी म्हण. पण मावशी तू आहेस, ती जागा भरलेली आहे. नुसतं 'त्या' लिहिलं तर वाचणारा विचारेल, कोण त्या?

लिंबू पहिल्या महिन्यापासून त्यांना आई म्हणते. मी तिला एकदा चिमटा काढला होता. तिला आई नीट आठवत नाही, म्हणून तिला सोपं जातं. मला आठवते. मी तो शब्द दुसरीकडे दिला तर आईकडे काय उरेल? खरं कारण हे आहे, वृत्त वगैरे सगळं मी बनवलं.

आणि पंधरा जूनला त्या समोर बसलेल्या असणार. सगळ्यांवर कविता वाचल्या जाणार, माझ्या दोनच आठवडे जगलेल्या माशावरसुद्धा, आणि त्यांच्यावर एकही नाही. त्यांनी त्या दिवसाची सकाळची तुकडी दुसऱ्या कुणाला देऊन सुट्टीही घेतली आहे. माझं नावच यादीतून काढलंस तर चालेल का? लवकर कळव.

तुझ्या लोभावर सध्या फारच भार टाकणारी,
टाचणी

२५ मे

चि. टाचणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नाव काढणार नाही. घाबरून पळणाऱ्या लेखकांना आम्ही दारातून परत आणतो, त्याचाच मला पगार मिळतो.

शब्द दिला तर आईकडे काय उरेल, हा तुझा प्रश्न मी तीन दिवस घेऊन फिरले. मग तुझ्या आईचीच एक गोष्ट आठवली. तुझा जन्म झाला तेव्हा दोन्ही आज्या महिनाभर तुमच्या घरी होत्या, म्हणजे आमची आई आणि तुझ्या बाबांची आई. तुझी आई दोघींनाही आईच म्हणायची. पलंगावरून 'अगं आई' अशी हाक आली की आमची आई दुपटं घेऊन धावायची. 'अहो आई' आली की त्या गरम पाणी घेऊन निघायच्या. महिनाभरात गोंधळ झाला नाही. एकदाच अर्धवट झोपेत तिनं नुसतंच 'आई' म्हटलं, तेव्हा दोघी एकदम दारात आदळल्या आणि तू दचकून जागी झालीस. मी तिथेच होते, हसून हसून माझं पोट दुखलं.

म्हणून सांगते, तिनं सासूला आई म्हटलं तेव्हा आमच्या आईचं काही कमी झालं नाही. आमची आई तर चारचौघांत मिरवायची की माझ्या लेकीला दोन दोन आया आहेत. तुझी आई एकाच शब्दात दोघींना बसवायची, आणि ती काही फार जागा करून ठेवणारी बाई नव्हती. तिचं कपाट आठवतं ना?

मी तुझ्या आईची बहीण आहे. तेव्हा कुणाला वाईट वाटायचंच असेल तर पहिला हक्क माझा आहे. मला वाटणार नाही. उलट तुझ्या घरातल्या त्या माणसाला कवितेबाहेर उभं केलंस तर वाटेल. आणि वृत्ताचं म्हणशील तर 'अहो' मोजून बघ. तीन मात्रा. 'अगं'च्याही तीनच. वृत्ताला काही फरक पडत नाही, तेव्हा ते कारण आता पुढे करू नकोस.

रागावलीस तरी पत्र लिहीत राहा,
मावशी

३ जून

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

रागावले नाही. आईच्या कपाटाचं वाचून बाबा आणि मी खूप हसलो. बाबांनी सांगितलं की एकदा त्यातून छत्री काढताना त्यांच्या डोक्यावर शिवणाचं मशीन पडता पडता राहिलं.

काल मी पोहले. म्हणजे पोहत होते हे मला नंतर कळलं. मला वाटत होतं, त्यांचा हात खाली आहे. कविता घरी येऊन केस ओले असतानाच लिहिली, म्हणून कागदावर डाग आहेत.

पोटाखाली होता तळवा,
भोवती निळं पाणी;
अहो आई, हात सुटला का?
मागे दिसे न कोणी.

समोर शिट्टी, समोर टाळी,
मीच पोहते आहे;
हात सुटूनी गेला तरिही
पोटाशी तो राहे.

हे अजून कुणाला दाखवलेलं नाही. 'अहो आई' मी फक्त कागदावर म्हटलं आहे, तोंडानं नाही. पंधरा तारखेला पहिल्यांदाच म्हणणार, तेही माइकवर. तू पहिल्या रांगेत बस म्हणजे मला तुझ्याकडे बघता येईल.

तुझ्याकडून धीर उसना घेणारी,
टाचणी

९ जून

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

मला गालगुंड झाले आहेत. या वयात. डॉक्टर हसले, तेव्हा तूही हसून घे. मुलांच्या घोळक्यात जायला सक्त मनाई आहे, त्यामुळे येऊ शकत नाही. तुझी कविता कार्यक्रमासाठी होती तशीच छपाईला दिली, एक अक्षरही बदललेलं नाही. तिथे ऐकणाऱ्यांना तिची छापील पानं वाटतील. माझ्याऐवजी मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघ, सध्या माझा चेहराही तसाच गोल आहे.

फुगलेल्या गालांची,
मावशी

१६ जून

आदरणीय ताईंना,
सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या भाचीची, काय म्हणू, तुमच्या भाचीच्या बाबांची बायको. आपण लग्नात एकदाच भेटलो. मला पत्र लिहायची सवय नाही, मी काठावरून ओरडून सांगणारी बाई आहे. पण हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

कार्यक्रम छान झाला. आम्ही तिसऱ्या रांगेत होतो. गाठीची कविता झाली तेव्हा ह्यांनी चष्मा पुसायला काढला तो बराच वेळ घातला नाही. मग तिनं तलावाची कविता घेतली. माझ्यावर काही असेल असं मला कुणी सांगितलंच नव्हतं. हातातल्या पानावर 'अहो आई' वाचलं आणि खात्री करायला पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. आणि ताई, वाचताना ती 'अगं आई' म्हणाली. घाबरली होती पोर, जीभ घसरली. लिंबू लगेच पानावर बोट ठेवून सांगायला लागली की ताई चुकली. मी तिच्या तोंडात पेपरमिंटची गोळी कोंबली.

मला कवितेतलं ओ की ठो कळत नाही. पण ती चूक आहे एवढं कळतं आणि ती मी जपून ठेवली आहे. तुमच्या बहिणीची जागा मला नको, कधीच नको होती. शेजारी एखादी मिळाली तर हवी होती. विनंती एवढीच की ती चुकली हे तिला सांगू नका. सांगितलंत तर ओशाळेल, आणि मग पुन्हा नुसती समोर येऊन उभी राहील. पुस्तकात मात्र 'अहो'च छापा. तिनं लिहिलंय ते तेच, आणि मला ते पुष्कळ आहे.

गाल शेकत जा. परकी न मानता लोभात घ्यावं, ही विनंती.

आपली,
टाचणीकडची

१६ जून

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

गाल कसे आहेत? घड्याळाकडे बघितलं, ते बंद होतं, त्यामुळे वेळ गेलाच नाही.

पुस्तकाचं पान छपाईला गेलं नसेल तर एक दुरुस्ती कर. तलावाच्या कवितेत तिसऱ्या ओळीत 'अहो' काढून 'अगं' घाल. तूच म्हणालीस, मात्रा तेवढ्याच आहेत. मी आठवडाभर बाथरूममध्ये नळ सोडून 'अहो आई'चा सराव करत होते आणि तो काही केल्या खरा वाटत नव्हता. ती मला रोज धरून पाण्यात उतरवते, माझे केस पुसते, माझ्यावर ओरडते. तिला अहो कसं म्हणणार? म्हणून आदल्या दिवशीच ठरवलं. तोपर्यंत पानं छापून झाली होती.

तिला वाटतंय, मी चुकले. ती लिंबूच्या तोंडात गोळी कोंबत होती, ते मला माइकपाशी उभ्या उभ्या सगळं दिसलं. तू तिला काही सांगू नकोस, पुस्तक हातात आलं की ती स्वतःच वाचेल.

येताना जिन्यात बाबांनी विचारलं की शेवटच्या दोन ओळी नक्की कुठल्या आईच्या आहेत. मी म्हटलं, दोघींच्या. ते म्हणाले की दोघींनाही अगं म्हटलंस तर वाचणाऱ्यांचा गोंधळ होईल. होऊ दे. माझा होत नाही.

लोभ दोन्ही गालांइतका फुगता राहो.

तुझी,
टाचणी