आकृती क्रमांक पाच जागेवरून हलवण्याबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
सज्जे व दर्शनी शिल्पे नोंदणी कक्ष,
तिसरा मजला, सिराकुसा

अर्जदार : वेनेरा फायल्ला, निवृत्त शिक्षिका (भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र), ‘वेडावणाऱ्यांचे घर’, दुसरा मजला, नोतो

विषय : संरक्षित शिल्पांच्या नोंदवहीतून अर्जदाराचे नाव वगळणे, ते शक्य नसल्यास अर्जदारास जागेवरून हलण्याची परवानगी मिळणे.

संदर्भ : आपली ३ सप्टेंबरची नोटीस, ‘आकृत्यांचे मालक’ या नावाने आलेली.

महोदय,

१. वेडावणाऱ्यांच्या घराच्या सज्ज्याखाली चार दगडी तोंडे आहेत. डावीकडून चौथे तोंड टकल्या म्हाताऱ्याचे असून त्याने जीभ बाहेर काढलेली आहे. त्याच्या नाकाची लांबी या महिन्याच्या एक तारखेस ४२.५ मिलिमीटर भरली. नऊ वर्षांपूर्वी ती ४३.८ होती. जिन्याच्या खिडकीतून हात लांब केला की ते नाक हाताशी येते. अर्जदार दर एक तारखेस ते व्हर्नियर मापकाने मोजून वहीत लिहिते. आमचा पिवळा दगड मऊ, तो झिजायचाच. या बाबीचा अर्जाशी संबंध आहे. तो परिच्छेद ६ मध्ये येईल.

२. अर्जदार रोज सकाळी दहा वाजता तापमापक घेऊन सज्ज्यात उभी राहते. पारा स्थिर होईपर्यंत, म्हणजे तीन मिनिटे, ती हलत नाही, बोलत नाही आणि तापमापकावर श्वास सोडत नाही. चौतीस वर्षे वर्गात हेच शिकवल्यामुळे ही सवय सुटण्यासारखी नाही.

३. दर सप्टेंबरात तोरिनो, उदिने अशा उत्तरेकडच्या शहरांतून वास्तुकलेचे विद्यार्थी आमच्या गावच्या बरोक शैलीतील इमारतींच्या अभ्यासदौऱ्यावर येतात. त्यांचे गाईड श्री. कोर्रादो स्पातारो (विधुर, वय ६६, आवाज खणखणीत) बरोबर दहाच्या ठोक्याला त्यांना समोरच्या चर्चच्या पायऱ्यांवर बसवतात. “बघा पोरांनो, भूकंपानं अख्खं गाव आडवं केलं. पुन्हा बांधताना लोकांनी काय केलं? सज्ज्याखाली वेडावणारी तोंडं बसवली. याला म्हणतात बरोक!” एवढे सांगून ते मान वर करतात आणि विचारतात, “बाई, वरून काही दुरुस्ती?” पारा स्थिर झालेला असल्यास अर्जदार दुरुस्ती सांगते. उदाहरणार्थ, “सज्जा सतराशे चौदाचा नव्हे, एक्केचाळीसचा.” विद्यार्थी हसतात. श्री. स्पातारो दुसऱ्या दिवशी पुन्हा चौदाच सांगतात. वय झाल्याने त्यांच्या लक्षात राहत नाही, अशी अर्जदाराची अनेक वर्षे समजूत होती.

४. गेल्या वर्षीच्या तुकडीने या दर्शनी भागाचे मोजमापांसह रेखाचित्र काढले. ते आपल्या कार्यालयास भेट देण्यात आले व नोंदवहीत जसेच्या तसे चढले. त्यातील उतारा : “आकृती क्र. ५. स्त्री, अर्धपुतळा. हातात काचेची नळी, बहुधा विज्ञानदेवता, अथवा मद्यदेवता. चेहऱ्यावर नापसंतीचा भाव, कोरीवकाम उत्तम. स्थिती साधारण. कबुतरांपासून संरक्षण आवश्यक.” यातील ‘स्थिती साधारण’ या शेऱ्यास अर्जदाराची हरकत आहे. ‘नापसंतीचा भाव’ यास हरकत नाही.

५. नोटिशीनुसार कोणतीही आकृती हलवणे, रंगवणे अथवा घासून धुणे यास मनाई आहे. त्याचे परिणाम येणेप्रमाणे झाले. कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयातील योलांडाने अर्जदाराचे केस रंगवण्यास नकार दिला. “बाई, मूळ रंग बदलायचा तर सरकारी कागद आणा. माझं दुकान बंद पाडायचंय का तुम्हाला?” असे ती म्हणाली, व खुर्च्यांवरची बाकीची गिऱ्हाइके इतकी हसली की एकीचा अर्धा रंग कपाळावर उतरला. ९ तारखेस दोन कामगार कबुतरांची जाळी घेऊन आले. त्यांतला एक शिडीवरून म्हणाला, “काकू, दोन मिनिटं हलू नका, खांद्याचं माप घेतो.” तापमापन चालू असल्याने अर्जदारास हलता आले नाही. त्यामुळे माप अचूक आले. जाळीही अगदी बेताची बसली. दोघांना बदामाचा बर्फाळ ग्रानिता पाजून ती काढून घ्यावी लागली.

१२ तारखेस अर्जदार स्वतः आपल्या कार्यालयात हजर झाली. खिडकीवरील लिपिकाने नोंदवही पाहिली, मग अर्जदाराकडे पाहिले, मग पुन्हा नोंदवही पाहिली. “आकृती पाच नोतोला आहे. ती इथं कशी आली? हा सरळसरळ नियमभंग आहे, दंड लागेल.” अर्जदाराने आपण जिवंत असल्याचे निदर्शनास आणले. त्यावर तो सद्गृहस्थ हळूच म्हणाला, “बाई, तुम्ही इथं आलात हे मी पाहिलंच नाही असं समजू. घरी जा, जागेवर उभ्या राहा आणि अर्ज टपालानं पाठवा. पण रकाना सात कोरा ठेवू नका, नाहीतर साहेब परत पाठवतात.”

नमुन्यातील रकाना ७ असा आहे : “आकृती कोठे हलवायची आहे?”

अर्जदारास कोठेही जायचे नव्हते. जाता येते, एवढेच फक्त कागदावर हवे होते. त्यामुळे रकाना चौदा दिवस कोरा राहिला व अर्जास विलंब झाला, त्याबद्दल क्षमस्व.

६. आता नाकाविषयी. मूळ रेखाचित्रावर तपासनीस म्हणून श्री. स्पातारो यांची सही आढळल्याने अर्जदाराने त्यांना जिन्यातच गाठून जाब विचारला. ते म्हणाले, “मी काय करू? आकृत्या मोजल्या, पाच भरल्या.” मी जिवंत आहे, सिन्योर स्पातारो, असे अर्जदाराने त्यांस बजावले. त्यावर ते म्हणाले, “त्याचाच तर पुरावा मी नऊ वर्षं मागतोय, बाई.”

हे खरे आहे. दर वर्षी १९ फेब्रुवारीस, गावच्या संताची मिरवणूक पुढे सरकली की, श्री. स्पातारो रिकोत्ताच्या मिठाईचा पुडा घेऊन दोन मजले चढून येतात व एकच प्रश्न विचारतात : “मार्झामेमीला माझं घर आहे. समोर समुद्र आहे, दारात दोन खुर्च्या आहेत, एक रिकामी आहे. येता का?” अर्जदाराने प्रत्येक वेळी एकच उत्तर दिले : “माहिती अपुरी आहे.” मिठाई मात्र ठेवून घेतली.

जिन्यातील संभाषणानंतर अर्जदाराने नाकाची वही काढून नऊ वर्षांच्या नोंदी पुन्हा वाचल्या. दगडी म्हातारा तसूभरही हललेला नाही. ऊन, वारा, मीठ सगळे जागच्या जागी सोसले, तरी १.३ मिलिमीटर गेलेच. जागेवर राहिल्याने झीज थांबते, या गृहीतकास एकही नोंद आधार देत नाही. एकशे आठ नोंदींनंतर माहिती अपुरी आहे असे म्हणणे अर्जदाराच्या शिक्षणास शोभणारे नाही. सतराशे चौदाची चूकही विसरभोळेपणाची नसावी, हा निष्कर्ष त्याच रात्री निघाला. ही चूक दुरुस्त करण्यासाठी अर्जदार नऊ वर्षे दर सप्टेंबरात रोज सज्ज्यात वाकून बोलत होती.

७. तरी विनंती की, आकृती क्र. ५ नोंदवहीतून वगळावी. नियमात तसे बसत नसल्यास ती ‘कायमस्वरूपी उसनी दिली’ असे दाखवावे. वाहतूक श्री. स्पातारो यांच्या तीनचाकीतून होईल. आकृती पुढे बसेल, मागे सामानात नाही. पॅकिंगची आवश्यकता नाही. नाकाची मोजमापे तळमजल्यावरील बेकरीवाली पुढे चालू ठेवील. तिला व्हर्नियर वाचायला शिकवले आहे.

८. रकाना ७ आज सकाळी १० वाजून ४ मिनिटांनी भरला. तापमान २३.५ अंश, आकाश निरभ्र, पायऱ्यांवर सव्वीस विद्यार्थी. श्री. स्पातारो यांनी छडीने मोजून दाखवले, “एक, दोन, तीन, चार आणि वरच्या बाई पाच,” आणि नेहमीप्रमाणे मान वर करून विचारले, “बाई, वरून काही दुरुस्ती?” पारा स्थिर होता. अर्जदाराने तापमापक खाली ठेवला व सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले :

“आहे. आकृत्या चारच आहेत, कोर्रादो. पाचवी तुझ्याबरोबर मार्झामेमीला येतेय.”

परवानगीच्या प्रतीक्षेत, तूर्त जागेवरच असलेली,
आपली नम्र,

वेनेरा फायल्ला
(नोंदवहीनुसार आकृती क्र. ५)

नोतो, २६ सप्टेंबर

सोबत : १) विहित नमुना, रकाना ७ भरून. २) अर्जदार दगडाची नसल्याबद्दल डॉक्टरांचा दाखला.